बंगळुरूहून परदेशी: पगारापलीकडचा हिशेब

पुण्या-नागपूरहून नोकरीसाठी बंगळुरूला आलेल्या मराठी घरांत परदेशाचा विषय निघाला की आधी पगार मोजला जातो, मग घरभाडं, मग मुलांची शाळा. नागरिकत्वाचा विचार बहुतेकदा शेवटी होतो. खरं तर माघारी फिरणं तिथेच सर्वांत अवघड आहे.

1955च्या नागरिकत्व कायद्यातलं कलम 9 स्पष्ट आहे: स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. जर्मनीने जून 2024मध्ये दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली, वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाचवर आणली. पण ही मुभा जर्मनीची, भारताची नव्हे. मग हाती राहतं ते परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड. त्यावर भारतात येता-राहता येतं, मतदान मात्र करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावी जमीन घेऊन परतायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. तरीही 2023मध्ये 2,16,219 भारतीयांनी नागरिकत्व सोडलं.

अमेरिकेत अडचण वेगळी. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीनकार्डांत एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. तिथेच वाढलेली मुलं एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकतात. या व्यवस्थेतलं हे सर्वांत निर्दय कलम.

हवामानाचंही जुनं गणित मोडलं आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवरच्या बंगळुरूत एप्रिल 2024मध्ये पारा 38 अंशांपुढे गेला, त्याच उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या आणि टँकरसाठी धावाधाव झाली. पण थंड देशही सुटलेले नाहीत. कॅनडातल्या लिटन गावात 29 जून 2021 रोजी 49.6 अंश तापमान नोंदलं गेलं. दुसऱ्या दिवशी वणव्याने बहुतेक गाव जाळलं. शिवाय बर्लिनमध्ये डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो, हेही मनावर परिणाम करणारंच.

सर्वांत जास्त विचार हवा तो आईवडिलांच्या औषधपाण्याचा. जर्मनीतल्या सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळ्या हप्त्याशिवाय सामावतात, आईवडील नाहीत. मार्च 2024पासून वास्तव्याचा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांना नेता येतं, पण त्यांच्या विम्याची सोय दाखवावी लागते आणि सत्तरीतल्या माणसाला पॉलिसी मिळणं कठीण. अमेरिकेत नव्याने गेलेल्या ज्येष्ठांना ग्रीनकार्ड असूनही मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा विकत घेण्यासाठी पाच वर्षं थांबावं लागतं. कॅनडात डॉक्टरांचं बिल येत नाही, तज्ज्ञाची वेळ मात्र महिनोन्‌महिने मिळत नाही. बंगळुरूत जयदेव, निम्हान्स, किडवई ही सरकारी रुग्णालयं शहरातच आहेत आणि खासगी तज्ज्ञही लवकर भेटतो. पण खिशात पैसे असले तरच.

म्हणून ज्यांचे आईवडील साठीपुढे आहेत, त्यांनी नोकरीला होकार देण्याआधी त्या देशात आईवडिलांचा विमा कोण उतरवेल आणि आधीपासूनचा मधुमेह किंवा हृदयविकार त्यात धरला जाईल का, हे लेखी विचारून घ्यावं.