पोटाच्या गोळीतलं दुसरं औषध

पोट आणि मन : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण आय.बी.एस.चं, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचं, निदान कसं करतात ते पाहिलं. गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखतंय, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध आहे आणि त्रास सुरू होऊन सहा महिने उलटलेत. सोनोग्राफीत काही नाही, रक्ततपासणीत काही नाही, माणूस मात्र बेजार. आज औषधांकडे वळू. त्यातही एकाच गोळीबद्दल लिहिणार आहे, कारण निमाणीपासून म्हसरूळपर्यंत अनेक घरांतल्या औषधांच्या डब्यात ती असते आणि तिच्यात काय आहे हे घेणाऱ्याला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलं नसतं.

हिरावाडीतल्या एका गृहस्थांचं उदाहरण घेतो. नोकरी मुंबईत, रोजचं जाणं-येणं पंचवटी एक्सप्रेसने. घरातून निघायच्या आधी दोनदा शौचाला, नाशिकरोडच्या फलाटावर पुन्हा कळ, डब्यात जागा हवी ती संडासाजवळचीच. कसारा घाटात गाडी थांबली की घाम फुटायचा. डॉक्टरांनी एक गोळी दिली: जेवणाआधी, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस. तिसऱ्याच दिवशी पोट शांत झालं. पंधरा दिवस सरले, गोळी मात्र थांबली नाही. जुनी चिठ्ठी दाखवून ती दोन वर्षं चालू राहिली.

त्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत तीन नावं आहेत. डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम, क्लिडिनियम २.५ मिलिग्रॅम आणि क्लोरडायझेपॉक्साइड ५ मिलिग्रॅम. पहिली दोन पोटाची. आतड्याच्या स्नायूला आकुंचन पावायचा निरोप अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून मिळतो. ही औषधं तो निरोप अडवतात, त्यामुळे पेटके सैल पडतात. क्लिडिनियमचा रेणू असा आहे की तो मेंदूत फारसा शिरत नाही, त्याचं बरंचसं काम पोटातच चालतं. तिसरं औषध मात्र थेट मेंदूवर काम करतं. क्लोरडायझेपॉक्साइड म्हणजे बेंझोडायझेपिन या कुळातलं सगळ्यात पहिलं औषध. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने ते रोश कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत बनवलं. ते काही काळ बाजूला पडून होतं, १९५७ मध्ये त्याची चाचणी झाली आणि १९६० मध्ये ते लिब्रियम या नावाने बाजारात आलं. नंतर त्याच्याच जोडीला क्लिडिनियम घालून लिब्रॅक्स हे मिश्रण निघालं. आपल्याकडची तिहेरी गोळी त्याच वंशातली.

या जोडीमागचा विचार चुकीचा नव्हता. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं आहे, त्यात कोट्यवधी पेशी आहेत आणि मेंदूशी त्यांची दोन्ही बाजूंनी सतत देवाणघेवाण चालते. भीती वाटली की आतडं आवळतं, आतडं आवळलं की भीती वाढते. हे चक्र दोन्ही टोकांना एकदम सैल केलं तर रुग्णाला लवकर आराम पडतो आणि तो पडतोही, यात शंका नाही. फार वाईट काळात, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांनी विचार करून ही गोळी दिली तर मी तिला नावं ठेवणार नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या: अमेरिकेच्या औषध नियामकाने लिब्रॅक्सच्या माहितीपत्रकात आय.बी.एस.साठी त्याची उपयुक्तता फक्त ‘संभाव्य’ म्हटली आहे, तीही पूरक औषध म्हणून.

खरी अडचण मिश्रणाच्या स्वरूपात आहे. मिसळीच्या तयार मसाल्यातून तिखट तेवढं वेगळं काढता येत नाही, तशी ही गोळी. पेटके जास्त आणि काळजी कमी असली तरी तिन्ही औषधं ठरल्या प्रमाणातच पोटात जातात. ज्यांना आय.बी.एस.मध्ये बद्धकोष्ठाचा त्रास आहे त्यांचं कोष्ठ या गोळीने आणखी घट्ट होऊ शकतं. तोंड कोरडं पडणं, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, लघवी अडणं हेही होतं. म्हणून काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना तसं सांगितल्याशिवाय घेऊच नये. घरातल्या आजी-आजोबांना मुलाच्या पट्टीतली ‘पोटाची गोळी’ देण्याची आपल्याकडची पद्धत तर मला फार धास्तावते. म्हातारपणी क्लोरडायझेपॉक्साइड शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, साठत जातं, गुंगी येते, रात्री उठताना तोल जातो. खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं. दारूबरोबर किंवा ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकाबरोबर ही गोळी घेणं तर श्वासावर बेतू शकतं.

आता त्या गृहस्थांकडे वळू. घरातल्या लग्नाच्या गडबडीत त्यांच्या गोळ्या संपल्या. पहिले तीन-चार दिवस काहीच झालं नाही, त्यांना वाटलं आपण बरे झालो. मग झोप उडाली, हात थरथरू लागले, घाम, धडधड आणि पोटात पूर्वीपेक्षा जबर पेटके. घरच्यांनी ठरवलं, आजार उलटला. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं आणि ‘याच्याशिवाय माझं चालत नाही’ ही खात्री पक्की झाली.

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बेंझोडायझेपिन बराच काळ घेऊन अचानक बंद केलं की शरीर त्याची मागणी करतं, आणि त्या लक्षणांत पोटातले पेटकेही असतात. क्लोरडायझेपॉक्साइड शरीरात अनेक दिवस रेंगाळतं, त्यामुळे त्रास उशिरा उगवतो आणि बंद केलेल्या गोळीशी त्याचा संबंध जुळवणं कुणाला सुचत नाही. ज्या औषधाने सवय लावली त्याच्याच अभावी उठलेलं दुखणं आजाराच्या नावावर जमा होतं. क्वचित प्रसंगी अशा अचानक थांबवण्याने फिटही येते. २०२० मध्ये अमेरिकी नियामकाने या संपूर्ण गटाच्या औषधांवर सवय, अवलंबित्व आणि बंद करतानाच्या त्रासाबद्दल चौकटीतली ठळक सूचना सक्तीची केली.

आपला कायदाही झोपलेला नाही. २०१३ मध्ये अधिसूचित झालेली आणि मार्च २०१४ पासून लागू झालेली ‘एच-१’ अनुसूची आहे. क्लोरडायझेपॉक्साइड तिच्यात आहे. अशा औषधाची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच करायची, वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. दोन वर्षांपूर्वीच्या सुरकुतलेल्या चिठ्ठीवर पट्टी मिळते तेव्हा हा नियम मोडलेला असतो, आणि तो मोडायला आपणच आग्रह केलेला असतो.

आधीच महिनोन् महिने गोळी चालू असेल तर हा लेख वाचून ती उद्या बंद करू नका. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा, किती दिवसांपासून घेताय ते खरं सांगा. मात्रा टप्प्याटप्प्याने, काही आठवडे घेऊन उतरवतात. मिश्रणाऐवजी त्यातली औषधं वेगवेगळी देऊन फक्त बेंझोडायझेपिन हळूहळू कमी करण्याचा मार्गही असतो. गणेशवाडीतल्या आयुर्वेद रुग्णालयात उपचार घेत असाल तर तिथल्या वैद्यांनाही ही पट्टी दाखवा. काढा सुरू करून गोळी परस्पर सोडणं धोक्याचं आहे. आणि शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी यांपैकी काही असेल तर गोळ्यांची चर्चा बाजूला ठेवून आधी तपासणी.

गोळीला पर्याय आहेत. मेबेव्हेरिन किंवा पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल पेटक्यांसाठी, इसबगोल मुख्यतः कोष्ठासाठी. त्याने भागलं नाही तर अगदी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन. ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १० ते ३० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं. हेही मनाच्या आजारातलंच औषध, इथे मात्र ते मज्जातंतूंची वेदना कमी करायला वापरतात. त्यानेही तोंड कोरडं पडतं, झोप येते. पण बेंझोडायझेपिनसारखी ओढ ते लावत नाही. घेताना एवढंच बघा की ते एकटं आहे ना. आपल्या बाजारात अमिट्रिप्टिलिन आणि क्लोरडायझेपॉक्साइड यांचंही मिश्रण मिळतं.

हिरावाडीच्या गृहस्थांची मात्रा आता निम्म्यावर आली आहे. परवा ते म्हणाले, “चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो, तेव्हा माझं पोट आपोआप बरं असतं. हे मी इतकी वर्षं देवाचं मानत होतो.” कांद्यातल्या आणि गव्हातल्या फ्रुक्टन या साखरसाखळ्यांचा आय.बी.एस.शी काय संबंध आहे, ते पुढच्या आठवड्यात.