निसर्गचित्र आणि ईर्यासमिती

साताऱ्याजवळील कास पठार ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फुलांनी बहरते. हाच आपल्या चातुर्मासाचा काळ. पावसाळ्यात जीवोत्पत्ती विपुल होते, म्हणून मुनिसंघ एका स्थानी स्थिरावतो. गृहस्थावर तसे बंधन नसल्याने तो कॅमेरा घेऊन पठारावर पोहोचतो आणि अधिक सुंदर चित्राच्या मोहाने पायवाट सोडतो. येथे जांभ्या खडकावर मातीचा अत्यंत पातळ थर आहे. त्यात रुजलेली इवली रोपे त्या एका पावलाखाली चिरडतात. ज्या सौंदर्याचे चित्र घ्यायचे, त्याचाच नाश करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

वस्तुतः छायाचित्रणाची कलाही संयमालाच अनुकूल आहे. पायवाटेवरूनच कॅमेरा जमिनीलगत धरल्यास जवळची फुले ठळक उमटतात आणि दूरचे डोंगर चित्राला खोली देतात. क्षितिज चौकटीच्या वरच्या तृतीयांशात ठेवल्यास फुलांना वाव मिळतो. सकाळचे तिरपे ऊन उरलेले काम करते.

पाहून पाऊल टाकणे म्हणजे ईर्यासमिती. ती मुनींची असली, तरी तिचा अंश हौशी छायाचित्रकारालाही पाळता येतो. ज्यांनी चातुर्मासात प्रवास वर्ज्य केला आहे, त्यांना घराच्या गच्चीवरून दिसणारे मेघाच्छादित आभाळही चित्रविषय म्हणून पुरेसे आहे.