चाक जड फिरतंय? कंट्रोलर उघडून बघा

विजेवरचा स्केटबोर्ड बंद पडला की पहिला संशय बॅटरीवर जातो. ती भरलेली निघते, रिमोट जोडला जातो, दिवाही लागतो. पण बोर्ड एक झटका देऊन जागीच थांबतो. अशा वेळी मीटर शोधण्याआधी बॅटरी काढावी, बोर्ड उलटा ठेवावा आणि मोटरचं चाक हाताने फिरवून बघावं. मोटरमधल्या चुंबकांमुळे हलके टप्पे लागतातच, त्यामुळे तुलनेला दुसऱ्या मोटरचं चाकही फिरवावं. एक सहज फिरत असेल आणि दुसरं घट्ट, अडत-अडत फिरत असेल, तर निम्मं निदान तिथेच झालं.

मोटर हाताने फिरवली की ती जनित्र होते. तिच्या तीन जाड वायरी, म्हणजे फेज वायरी, मोकळ्या असतील तर व्होल्टेज तयार होतं, पण प्रवाहाला वाट नसते. त्या कुठे एकमेकींना भिडल्या असतील तर प्रवाह वाहतो आणि ज्या फिरण्यातून तो जन्मला त्यालाच विरोध करतो. हा 1834 सालचा लेंझचा नियम. खात्री करायची तर चांगल्या मोटरच्या फेज वायरी सुट्या करून त्यांतल्या दोन जोडाव्या आणि चाक फिरवावं. ब्रेक लावल्यासारखं वाटतं.

म्हणजे जड चाक सांगतं की बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. तो मोटरमध्ये की कंट्रोलरमध्ये? तिन्ही फेज वायरी कंट्रोलरपासून सोडवाव्या. तरीही चाक जडच राहिलं तर दोष मोटरमध्येच, बहुधा वाइंडिंग जळलंय. मोकळं झालं तर कंट्रोलर गेला.

कंट्रोलरच्या पोटात सहा मॉसफेट असतात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. त्यांच्या तीन जोड्या. प्रत्येक जोडीतला वरचा बॅटरीच्या प्लसला, खालचा मायनसला आणि मधून फेज वायर निघते. सेकंदाला हजारो वेळा ही उघडझाप चालते. अट एकच, एका जोडीतले दोघे एकाच वेळी चालू व्हायचे नाहीत. झाले तर बॅटरीचा प्लस थेट मायनसला भिडतो. मॉसफेटचा स्वभाव असा की तो बिघडला की बहुधा उघडा पडत नाही, शॉर्ट होऊन बसतो. मग जोडीदार चालू होताच दोघेही जातात, कधी आवाज करून. पण एकच गेला असेल तर चाक हळू फिरवताना अडथळा जाणवतही नाही. प्रवाहाला उरलेल्या मॉसफेटमधल्या डायोडमधून जावं लागतं आणि त्यासाठी अर्ध्या व्होल्टच्या वर दाब लागतो. म्हणून चाक जरा जोरात फिरवावं.

पुढचं काम मल्टीमीटरचं. बॅटरी तोडलेली, मोटर सुटी, आणि कपॅसिटर रिकामे व्हायला थोडा वेळ दिलेला. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून लाल पिन कंट्रोलरच्या बॅटरी-मायनसला, काळी एकेका फेजला. साधारण 0.4 ते 0.6 व्होल्ट दिसायला हवेत. मग काळी पिन प्लसला आणि लाल एकेका फेजला. आकडे तसेच यावेत. शून्य आलं, मीटर वाजलं, की तो मॉसफेट गेला. नेमका आकडा किती यापेक्षा तिघांतला एक वेगळा पडतोय का, ते बघणं जास्त भरवशाचं.

मीटर सगळं ठीक म्हणतं आणि बोर्ड तरीही सुरुवातीला थरथरतो, पण पायाने ढकलल्यावर सुरळीत पळतो? मग मोटरमधल्या हॉल सेन्सरच्या पाच बारीक वायरी तपासाव्या. मोटर थांबलेली असताना चुंबक नेमके कुठे आहेत, हे कंट्रोलरला सेन्सरच सांगतात. वेग आला की अनेक कंट्रोलर वाइंडिंगमध्ये उलट तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून स्वतःच अंदाज बांधतात. रस्त्याच्या हादऱ्यांनी उचकटलेलं ड्राय सोल्डरही अशीच लक्षणं दाखवतं. टेबलावर सगळं ठीक, खड्ड्यात गेलं की बंद.

मॉसफेट सापडला, बदलला, काम झालं, असं मात्र समजू नये. त्याला चालू-बंदचा इशारा देणारी गेट ड्रायव्हर चिप अनेकदा त्याच्याबरोबरच जाते. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी खुल्या आराखड्यावर विकसित केलेला व्हीईएससी कंट्रोलर स्केटबोर्डवाल्यांच्या आवडीचा. त्याच्या जुन्या आवृत्तीतल्या या चिपची मर्यादा 60 व्होल्ट. बारा सेलच्या ओळीची बॅटरी भरली की 50.4 व्होल्ट देते. अशी भरलेली बॅटरी घेऊन उतारावर ब्रेक दाबला की मोटरची वीज उलटी बॅटरीकडे जाते, पण तिथे जागा नसते आणि व्होल्टेज चढतं. त्यात बॅटरीच्या वायरी लांब असतील तर प्रत्येक उघडझापीला वर उसळ्या येतात. त्या शोषण्याचं काम कपॅसिटरचं. ते फुगलेले दिसले तर मॉसफेट कशाने मेला याचा तपास तिथूनच सुरू करावा. पाणी शिरलं असेल तर तांब्यावर हिरवट थर दिसतो. काही कंपन्या कंट्रोलर इपॉक्सीत बुडवून विकतात. त्याने पाणी अडतं हे खरं, पण दुरुस्तीही अडते, आणि माझ्या मते हा सौदा ग्राहकाच्या तोट्याचा.

स्केटबोर्ड आपल्याकडे क्वचित दिसतो, पण तीन जोड्यांचा हाच साचा ई-स्कूटरमध्ये आहे आणि लहान प्रमाणात बीएलडीसी पंख्यातही. पंखा मात्र घरच्या विजेवर चालतो. त्याचं सर्किट उघडून मीटर लावायचा प्रयोग करू नये.

दुरुस्त कंट्रोलर थेट बॅटरीला जोडायचा नाही. बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपियर ओतू शकते. करंटची मर्यादा लावता येणारा पॉवर सप्लाय घ्यावा, मर्यादा अर्ध्या अँपियरवर ठेवावी आणि मोटर न जोडता वीज द्यावी. कपॅसिटर भरेपर्यंत काटा क्षणभर चढतो आणि खाली येतो. तो मर्यादेलाच चिकटून राहिला तर वीज बंद करून पुन्हा मीटर हातात घ्यायचा.