तीन बोटं पाणी

पहाटे बारामतीच्या धावपट्टीलगत आमचं सेसना-172 उभं असायचं. डाव्या पंखाखाली पुढे तोंड काढलेली एक छोटी नळी असते. तिचं लाल आवरण काढायचं आणि टॉर्चच्या उजेडात तोंड मोकळं आहे ना ते बघायचं. पहिल्याच आठवड्यात मी तिच्यातली धूळ उडवायला वाकलो, तर सरांनी खांदा धरून मागे ओढलं. "फुंकर नाही मारायची. आतलं यंत्र बिघडेल."

ही पिटो ट्यूब. समोरून येणारी हवा तिच्यात अडते आणि दाब चढतो. विमानाच्या डाव्या अंगाला एक बारीक भोक असतं, ते आसपासच्या हवेचा नुसता दाब घेतं. कॉकपिटमधला काटा या दोन दाबांतल्या फरकावर हलतो. तबकडीवर आकडे नॉटचे असले, तरी मोजला जातो तो दाबच. फ्रान्सच्या आंरी पितोने 1732 मध्ये सेन नदीत वाकडी नळी धरली आणि तिच्यात पाणी किती चढतं त्यावरून प्रवाहाचा वेग काढला. तोच हिशेब मी आमच्या विमानाला लावून पाहिला. नाक उचलायचं 55 नॉटला. तेव्हा हा फरक भरतो जेमतेम पाच सेंटिमीटर पाण्याइतका. तीन बोटं! वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो.

उंचावर हवा विरळ. 8,000 फुटांवर काटा 100 दाखवतो, तेव्हा विमान साधारण 113 नॉटने हवा कापत असतं. मला आधी ही काट्याची चूक वाटली होती. पण पंखालाही याच दाबाची गरज असते. वर काय, खाली काय, विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते, ते काट्यावरच्या जवळपास त्याच आकड्याला. म्हणून धावपट्टीवर काटा हलला की "एअरस्पीड अलाइव्ह" असं मोठ्याने म्हणायचं. नाही हलला, तर तिथेच थांबायचं.

6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बोइंग 757 समुद्रात कोसळलं. 189 जण गेले. कित्येक दिवस उभ्या असलेल्या त्या विमानाच्या एका नळीत बहुधा कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. बुजलेल्या नळीत दाब कोंडून राहतो. विमान चढतं तसा बाहेरचा दाब घटतो, फरक वाढतो आणि काटा वेग वाढल्याचं सांगतो. इथे विमान मात्र मंदावत होतं.

आमच्या हँगरच्या भिंतीवर तसलीच मातीची घरं होती. उतरून इंजिन बंद केलं की मी आधी लाल आवरण चढवायचो, मग पाणी प्यायचो.