गावातलं पार्लर: ओळखीने चालतं, उधारीने बसतं

ताई, भाईंदर पूर्वेच्या खारी गावात पार्लर काढायचं मनात आहे? मग गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी हे वाचा.

खारी आज महापालिकेत असलं, तरी गावात सगळे एकमेकांना ओळखतात. पहिली गिऱ्हाइकं ओळखीतूनच येतात, आणि "पुढच्या वेळी देते गं" हेही तिथूनच येतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून दरपत्रक भिंतीवर लावा. समजा, एका फेशियलला सामान १५० रुपये, तुमची तासाभराची मजुरी १५०, वीज-भाडं ५०. म्हणजे ३५० रुपये तर नुसता खर्चच झाला! जाऊबाई आल्या तरी त्याखाली उतरू नका.

तुळशीच्या लग्नानंतर हळदी-लग्नांचा सीझन असतो, पावसाळ्यात मात्र काम मंदावतं. सीझनच्या कमाईतला काही भाग पावसाळ्यासाठी बाजूला ठेवाच.

सुरुवात घरच्या खोलीतून करा. खुर्ची, आरसा, स्टीमर घ्यायला मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. हप्ता मात्र पावसाळ्यातही झेपेल एवढाच ठेवा.

आज रात्री वही काढा आणि आपल्या प्रत्येक कामाचा खर्च लिहा. दर त्यानंतर ठरवा.