कुमारी मातांची कैवारी : हेलेन श्ट्योकर

जर्मन पत्रकार आणि स्त्रीवादी विचारवंत हेलेन श्ट्योकर (१८६९–१९४३) यांचा जन्म एल्बरफेल्ड या कापड उद्योगाच्या गावी, कर्मठ प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. आठ भावंडांत त्या थोरल्या. १८९२ मध्ये त्या बर्लिनला आल्या. पण तिथल्या विद्यापीठात मुलींना रीतसर प्रवेश नव्हता, व्याख्यानांना पाहुणी म्हणून बसता येई इतकेच. शेवटी १९०१ मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

१९०० मध्ये लागू झालेल्या जर्मन नागरी कायद्यानुसार अनौरस मूल आणि त्याचा बाप यांच्यात नातेच नव्हते. बापाने मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत पोटगी द्यायची, पण तिची रक्कम आईच्या राहणीवरून ठरे. बाप गिरणीमालक असला, तरी मूल मोलकरणीच्या मुलासारखेच वाढायचे. गर्भधारणेच्या काळात आईचा आणखी कुणाशी संबंध होता असे दाखवता आले, की तीही पोटगी बुडे. मूल आईने सांभाळायचे, पण त्याचा कायदेशीर पालक दुसराच कुणीतरी.

अशा कुमारी मातांसाठी धर्मादाय आश्रम होते. तिथे आसरा मिळे आणि पश्चात्तापाचा उपदेशही. १९०५ मध्ये सुरू झालेल्या ‘मातृरक्षण संघा’तून श्ट्योकर यांनी दयेऐवजी हक्काची भाषा आणली. संघाने माता-बालकांसाठी निवारे आणि सल्ला केंद्रे चालवली. संघाच्या मासिकाच्या, म्हणजे पुढे ‘नवी पिढी’ या अर्थाच्या नावाने निघालेल्या पत्राच्या, त्या १९३२ पर्यंत संपादक होत्या. प्रसूतीचा विमा, संततिनियमन, गर्भपात, विवाहाबाहेरचे प्रेम असे घरात उच्चारही न होणारे विषय त्यात उघडपणे येत. प्रतिष्ठित महिला संघटनांच्या महासंघाला हे पचले नाही. त्याने संघाला सदस्यत्व नाकारले.

श्ट्योकर स्वतः आई नव्हत्या. वकील ब्रूनो श्प्रिंगर यांच्याबरोबर त्या लग्नाविना राहिल्या, ते १९३१ मध्ये वारले तोपर्यंत. श्ट्योकर यांच्या लेखनात ‘सुदृढ वंशा’ची तेव्हाची सुप्रजननवादी भाषाही सापडते, ती आज खटकते, आणि खटकायलाच हवी.

पहिल्या महायुद्धात त्या कट्टर युद्धविरोधी झाल्या. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच त्यांनी देश सोडला. स्वित्झर्लंड, इंग्लंड, स्वीडन, मग सोव्हिएत संघ आणि जपानमार्गे त्या १९४१ मध्ये अमेरिकेत पोहोचल्या. १९४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये, हलाखीत, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

अनौरस मुलांना समान संधी देण्याचे वचन १९१९ च्या जर्मन राज्यघटनेने दिले होते. बाप आणि मूल यांच्यात नाते नाही, हे नागरी कायद्यातले कलम मात्र पश्चिम जर्मनीत १९७० मध्ये रद्द झाले.