शकुंतलेच्या रुळांवर अकरा लाख अक्षरं

जगभरातल्या लिप्यांमधल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये जागा किती? ११,१४,११२! आकडा नुसता वाचून काहीच होत नाही, म्हणून चला, तो चालून बघू. यवतमाळच्या शकुंतला रेल्वेची नॅरोगेज घ्या. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर. रुळांच्या कडेने प्रत्येक क्रमांकाला एकेक फूट जागा द्यायची आणि निघायचं. मूर्तिजापूर येतं, क्रमांक संपत नाहीत. उलटे यवतमाळला या, तरी नाहीत. पुन्हा मूर्तिजापूर गाठा, आणि तिसऱ्या खेपेला, स्टेशन ओलांडून अर्ध्या किलोमीटरवर, शेवटचा क्रमांक!

आता तिकीट, म्हणजे एकेक क्रमांक संगणकात लिहायचा खर्च. ते रुपयांत नाही, बाइटांत. एक बाइट म्हणजे शून्य किंवा एक लिहायची आठ घरं. दर ठरवले यूटीएफ-८ या पद्धतीने. १९९२ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवणाच्या कागदी मॅटवर आखली, असं त्यांचे जोडीदार रॉब पाइक सांगतात. जितकं लांबचं स्टेशन तितकं महाग तिकीट. पहिल्या १२८ फुटांना एकच बाइट. ३९ मीटर फक्त, फलाटसुद्धा संपत नाही, आणि अख्खी इंग्रजी तिथेच पाय पसरून बसलेली! पुढे २,०४८ फुटांपर्यंत दोन बाइट; त्यात ग्रीक, रशियन, अरबी. आपली देवनागरी सुरू होते २,३०४ फुटांवर. नशीब बघा, अवघ्या ७८ मीटरांनी स्वस्त तिकीट हुकलं! रोमन लिपीत यवतमाळची आठ अक्षरं आठ बाइटांत मावतात. देवनागरीत काना धरून सहाच चिन्हं, पण प्रत्येकी तीन बाइट, एकूण अठरा.

तीन बाइटांची हद्द ६५,५३६ फुटांवर, म्हणजे वीस किलोमीटरला. वाटेतलं दारव्हा स्टेशन अजून लांबच आहे, आणि ज्या गोंडी भाषेच्या लिप्या शोधायच्या, त्यांचं नावही नाही. चालत राहा. आधी भेटते मोडी, जिला २०१४ पर्यंत युनिकोडमध्ये जागाच नव्हती. तिच्यापुढे अर्धा किलोमीटर गेलं, की सवा बावीस किलोमीटरवर मसराम गोंडी! बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली ही लिपी २०१७ मध्ये इथे आली. तिला खेटून २०१८ मध्ये गुंजाला गोंडी, पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांतली. दोन्हींची मिळून १३८ चिन्हं, ४२ मीटर जागा. आणि गोंडी बोलणारे? २०११ च्या जनगणनेत २९,८४,४५३. अख्ख्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा २७,७२,३४८ होती!

इथे तिकीट चार बाइटांचं. मसराम गोंडीतला एक 'अ' संगणक असा लिहितो: २४०, १४५, १८०, १२८. यातले चार-दोन अंकसुद्धा इकडचे तिकडे झाले तर 'अ' गेलाच.

चार बाइट म्हणजे ३२ घरं. त्यातली ११ नुसती खुणेची: हे चौघे एकाच अक्षराचे, यातला पहिला हा, मागून येणारे हे. (सरकारी अर्जात याहून जास्त जागा वाया जाते, तेव्हा तक्रार नको.) उरलेल्या २१ घरांत २०,९७,१५२ क्रमांक बसतील, युनिकोडला लागतात त्याच्या जवळजवळ दुप्पट.

आणि ती ११ घरंही मोकळी केली तर? प्रत्येक घरागणिक दुप्पट, दुप्पट, दुप्पट... ४,२९,४९,६७,२९६! चारशे एकोणतीस कोटींच्या वर! एकेक फूट देत चला. मूर्तिजापूर कधीच मागे पडलं. मुंबई-पुणे हे १९२ किलोमीटरचं अंतर ६,८१८ वेळा कापून झालं, तरी रूळ संपत नाहीत. मग पृथ्वीच सोडा. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर. जा, परत या, पुन्हा जा, आणि चंद्रावर उतरूनही हातात दीड लाख किलोमीटर रूळ शिल्लक!